चौथ्या बाटलीतला हिरवा रंग

८ जानेवारी १९९६
चौथी बाटली हिरवी झालीय. व्हायला नको होती.
गोव्याहून आणलेलं समुद्राचं पाणी, त्यात सूक्ष्म शेवाळ. पाण्यातला नायट्रोजन मुद्दाम संपवलेला. तिसऱ्या बाटलीत शेवाळ खाणारे बारीक जीव सोडलेत. ते खातात, त्यांच्यातून अमोनिया सुटतो, त्यावर उरलेलं शेवाळ तगतं. चौथीत ते जीवही नाहीत. मग ही कशावर वाढली? तिच्या उपाशी राहण्यावरच थिसिसचा अख्खा अध्याय उभा आहे.
खोलीच्या किल्ल्या दोन. एक माझी, एक माझ्यासोबतच थिसिस करणाऱ्या आलोकची.

१० जाने.
गाईड सर म्हणाले, "किसी की गंदी पिपेट लग गई होगी।" किसी की! खोलीत आम्ही दोघंच. फेलोशिपही दोघांतून एकालाच वाढवून मिळणार.
नवी बाटली भरली, पिपेटही नवी. तोंडाशी कापूस. कापसावर माझा एक केस आडवा चिकटवला. लाज वाटली, पण चिकटवला.

१९ जाने.
पुन्हा हिरवी. केस जागेवर नाही. खिडकी तर बंद होती.
विचारलंच. "चौथी बोतल तुमने छुई?"
"एक बार। गिर रही थी, सीधी कर दी।" मग माझ्याकडे वळला. "हम पर शक कर रही हो?"
तो टेबलावर किल्ली ठेवून गेला.

२२ जाने.
आई: "अगं, रामनगरचा तो आलोक ना, भोसले घाटापाशी भेटला. म्हणाला, आंटी, आपकी बेटी को कुछ नया मिला है."
आईला का सांगायचं हे? साळसूदपणा?
दुपारी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं. माझ्या शेवाळात काही गोल, इवल्या पेशी, निराळ्याच. हवेतला नायट्रोजन थेट घेणारं काही समुद्राच्याच पाण्यातून आलंय? की त्याने सोडलं? भातखाचरातल्या तसल्याच शेवाळावर तर त्याचं काम. गोड्या पाण्यातलं खाऱ्यात तगणं कठीण, असं सर म्हणतात. कठीण. अशक्य नाही म्हणाले.

२५ जाने.
आलोकला बोलावलं. त्याच्यासमोर नवी बाटली भरली. वर थोडी हवा ठेवून बूच, बुचावर लाख, त्यावर कागद, कागदावर दोघांच्या सह्या.
"अब ठीक?" एवढंच बोलला. चहा घेतला नाही.
हिरवी झाली तर त्याने काही केलं नव्हतं, आणि माझा अध्याय गेला. स्वच्छ राहिली तर अध्याय वाचला, आणि आधीचं काम त्याचंच. मला काय हवंय ते इथे लिहीत नाही.

४ फेब्रुवारी
सील शाबूत. तळाशी किंचित हिरवट... की बाहेरच्या कडुलिंबाची छाया? बाटली भिंतीकडे नेली, परत आणली. ठरवता येईना.
आलोक दारातूनच म्हणाला, "रंग आया?"
म्हटलं, "अभी देखा नहीं।"
सकाळपासून चारदा पाहिलंय.