‘उपाशी ना?’ मधला ‘ना’

सर, आपण काचेमागची माणसं. कल्याणपासून ठाण्यापर्यंत सीटी स्कॅनची जेवढी केंद्रं आहेत, तिथल्या प्रत्येक तंत्रज्ञाच्या मनात एकच सल आहे. रिपोर्टवर डॉक्टरांची सही असते, केंद्राचं नाव ठळक असतं. पण पेशंटला टेबलावर निजवून, त्याची शीर शोधून, ज्यानं ते चित्र मिळवलं त्याचं नाव कुठेच नसतं. नातेवाईक तर आपल्याला ‘फोटो काढणारे’ म्हणतात. या रविवारी ठाण्यात आपल्या लोकांची सभा आहे. रिपोर्टवर आमचंही नाव छापा, ही मागणी मी मांडणार आहे. भाषण तयार आहे, टाळ्या कुठे पडतील तेही मला ठाऊक आहे. फक्त एका जागी येऊन मी अडते, आणि ती जागा तुमची आहे.

डोंबिवलीतल्या त्या केंद्रात माझा पहिला दिवस. तुम्ही मला एकही बटण दाखवलं नाहीत, रिकाम्या टेबलाभोवती चालायला लावलंत. मला वाटलं, चेष्टा चालली आहे. ‘‘एका बाजूनं एक्स-रे काढला की हाडामागचं लपतं,’’ तुम्ही म्हणालात. ‘‘इथं नळी पेशंटभोवती फिरते. प्रत्येक कोनातून किती किरण आरपार आले ते मोजलं जातं, आणि कॉम्प्युटर ती सगळी मोजमापं जुळवून आतला काप दाखवतो. यंत्र पेशंटला प्रदक्षिणा घालतं गं. मग या खोलीत देव कोण, ते तूच ठरव.’’ त्यानंतर मी या विषयावरची जाडजूड पुस्तकं वाचली, त्यावर व्याख्यानं दिली. याहून नेमकं वाक्य मला अजून सापडलेलं नाही.

तुम्ही दिव्याकडच्या खाडीकाठच्या गावातले, वाडवडील मिठागरात राबलेले. तिकडचीच एक म्हातारी आठवते. मी काचेमागून माइकवर ‘श्वास रोखा’ म्हणते आहे, ती जोरजोरात श्वास घेते आहे, आणि पडद्यावर यकृताच्या कडा दुहेरी दिसताहेत. तुम्ही मला बाजूला सारून माइक ओढलात. ‘‘आये, खाडीत बुडी मारतेस ना, तशी बुडी मार. मी सांगेन तवा वर ये.’’ म्हातारी हसली, ‘‘अरं, मग असं बोल ना!’’ आणि तिनं असा दम धरला की चित्र आरशासारखं आलं. कॉन्ट्रास्ट देतानाही तसंच. आयोडीनचं ते औषध शिरेतून गेलं की रक्तवाहिन्या उजळतात, हे मी पाठ केलं होतं. पण ‘‘अंगभर गरम वाटेल, कपड्यात लघवी झाली असं वाटेल, झालेली नसेल, लाजू नका,’’ हे तुम्ही आधीच सांगून टाकायचात. तुम्ही कधीच ‘ॲलर्जी आहे का’ विचारलं नाहीत. ‘‘कुठलं औषध घेतल्यावर अंगावर गांधी उठल्या होत्या का?’’ असं विचारायचात, आणि नाही म्हणणाऱ्या बायांना हटकून काहीतरी आठवायचं.

मग तो मंगळवार. शहाडहून आलेल्या एक बाई, पोटाचा स्कॅन, कॉन्ट्रास्टसह. तुम्ही शेजारच्या खोलीत होतात. मी मंगळसूत्र आणि साडीच्या पिना काढून घेतल्या, कारण धातू राहिला की चित्रभर रेघा उमटतात. ते मला येत होतं. मग फॉर्मवर पेन टेकवून विचारलं, ‘‘उपाशी ना?’’ त्या म्हणाल्या, ‘‘हो तर, आज अंगारकी.’’ मी खूण केली. औषध शिरेत गेलं आणि अर्ध्या मिनिटात बाई उताण्या निजल्या निजल्या ओकल्या. मी काचेमागे थिजून उभी. तुम्ही धावत आत गेलात, टेबल बाहेर ओढलंत, त्यांना कुशीवर वळवून तोंडात बोटं घातलीत. बोटांवर साबुदाणा. त्यांचे ओठ निळे पडले होते. सक्शन लावलं, ऑक्सिजन लावला, तेव्हा कुठे त्या खोकल्या. पहिलं वाक्य काय बोलल्या, आठवतं? ‘‘अहो, उपासच होता माझा! खिचडीच तर खाल्ली, एवढीशी.’’

डॉक्टर आले, ओरडले, ‘‘हिला कुणी विचारलं होतं?’’

‘‘मी,’’ तुम्ही म्हणालात.

बाई दोन दिवस रुग्णालयात राहून घरी गेल्या. दुपारी चहाच्या खोलीत तुम्ही मला समोर बसवलंत. मी रडत म्हटलं, ‘‘सर, मी विचारलं होतं.’’ तुम्ही म्हणालात, ‘‘नाही विचारलंस. ‘उपाशी ना’ हा प्रश्न नाही. ते उत्तर आहे, शेवटी ना चिकटवलेलं. समोरच्यानं फक्त मान हलवायची. आर्टिफॅक्ट म्हणजे काय? शरीरात नसतं पण चित्रात दिसतं, ते. आज फॉर्मवर जो उपाशीपणा दिसला, तो बाईंच्या पोटात नव्हता. तो तू आणलास.’’ आणि मग, माझा चेहरा बघून, ‘‘चहा पी. अंगारकी तुझी नाहीये ना?’’

हल्ली कॉन्ट्रास्टआधी उपाशी ठेवण्याचा पूर्वीइतका आग्रह धरत नाहीत, असं वाचते. नियम बदलोत. आपण माणसाला विचारतो की त्याच्याकडून वदवून घेतो, हा सवाल जुना होत नाही. आणि सर, मी तर व्यासपीठावरची बाई. ‘हा अन्याय आहे ना?’ ‘आपण लढणार ना?’ हजार माणसं हो म्हणतात, आणि मी त्याला लोकांचा आवाज समजते. सगळं वक्तृत्व त्या ‘ना’वर उभं केलं मी.

त्या प्रसंगाचा मेमो निघाला. नोकरी सुटेपर्यंत तो तुमच्या फाइलमध्ये राहिला. काचेमागच्या माणसाचं नाव कुठेच नसतं, असं मी ओरडून सांगते, पण त्या एका कागदावर तुमचं नाव होतं, पूर्ण, आडनावासकट. तिथं माझं असायला हवं होतं. साबुदाण्याची गोष्ट मी भाषणांत किती वेळा सांगितली! दर वेळी ‘एका शिकाऊ तंत्रज्ञाची चूक’ म्हणून. तुम्ही हयात असताना एकदा समोरच्या रांगेत बसून ती ऐकलीत, आणि टाळ्याही वाजवल्यात. तुम्हाला जाऊन बारा वर्षं झाली. हे पत्र पाठवायला पत्ता नाही. असता तरी टपालात टाकायची हिंमत झाली असती का, सांगता येत नाही. म्हणून रविवारी मागणीच्या आधी हे वाचीन, आणि त्या शिकाऊ बाईच्या जागी माझं नाव घेईन. मग एवढंच सांगीन: मित्रांनो, रिपोर्टवर नाव हवं असेल तर सोमवारी पहिला पेशंट टेबलावर येईल तेव्हा ‘उपाशी ना?’ म्हणू नका. ‘सकाळपासून पोटात काय काय गेलं?’ असं विचारा, आणि त्याचं सांगून होईपर्यंत पेन उचलू नका.