मांजरपाटावरचा रस्ता

१२ डिसें. १९७३, केडगाव
हे आजही दिवसभर ओट्यावर. पुणे रोडवरून ट्रक गेला की मान वळते, गेला की पुन्हा खाली. अपघातात डाव्या डोळ्याची नजर गेली, ट्रकचं लायसन गेलं, तेव्हापासून असंच. दुपारी भाऊजी येऊन गेले. सुप्याला एका गोदामावर राखणदाराची जागा आहे म्हणे. हे म्हणाले, "बघू." ह्यांचं बघू म्हणजे नाही, हे मला ठाऊक. पण नुसत्या माझ्या शिवणावर घर किती दिवस ओढायचं? डोकं भणभणलं होतं. तरी भांडले नाही.

१७ डिसें.
अगंबाई, आज उठले की! भंगारातून ट्रकचं स्टिअरिंग घेऊन आले. खेळ करायचा म्हणे, कोल्हारच्या जत्रेत लावायला. दोन लाकडी रूळ, त्यावर फिरतं कापड, कापडावर रंगवलेला रस्ता. वर पत्र्याची मोटार, ती स्टिअरिंगनं डावी-उजवी होणार. रस्ता पळणार, मोटार जागच्या जागी. मी म्हटलं, "आन रस्ता कोण पळवणार?" तर माझ्या शिलाई मशीनच्या पायडलकडे बघून हसले. किती महिन्यांनी हसले! म्हणून दिलं मशीन. एरवी कुणाला बोट लावू देत नाही मी.

२६ डिसें.
मांजरपाटाचं जाडंभरडं कापड जोडून झालं. ह्यांनी रंगवलं: राहुरी, उसाच्या गाड्या, प्रवरा, कोल्हारचा पूल. एका डोळ्यानं, पण वळण एकही खोटं नाही. रस्त्याच्या दोन्ही कडांना मी जाड दोरी शिवली. मोटार दोरीवर चढली की तार हलते, घंटी वाजते. चुकलास बाबा, असं सांगायला. ही अक्कल ह्यांचीच, आणि मलाही तेव्हा भारी वाटली.

७ जाने. ७४, कोल्हार
ओळखीच्या ट्रकमधून सामान आणलं. पाळणेवाले बापूशेठ भले, शेजारी जागा दिली. मी मशीनच्या पायडलवर बसले. पण खेळाचं पार वाटोळं.
पहिलाच गडी बसला तो मुद्दाम कडेला गेला, घंटी वाजवली आणि हात जोडून मोकळा! मागचे सगळे तेच. देवीच्या जत्रेला आलेला माणूस, समोर घंटी, वाजवणारच की. आमच्या दोघांच्या टाळक्यात कसं आलं नाही? रस्त्यावर कुणी राहीचना. हे तापले. "गाडी अशी हाकत्यात व्हय? आता नदीत गेला असतास!" एका पाहुण्याला तर हात दाखव, हॉर्न दे, असं शिकवत बसले. तो उठून जिलबीच्या दुकानात गेला. एकदा खेळलेला दुसऱ्यांदा फिरकेना.
सांज व्हायच्या आत हे म्हणाले, "सुप्याला जातो. राखणदारीच बरी."

८ जाने. पौर्णिमा
सकाळी चहा पिता पिता डोक्यात आलं. लोकांना घंटी पाहिजे ना? मिळू दे. पण फुकट नाही. कडेची दोरी सगळी उसवली. प्रत्येक वळणाला, खरा ड्रायव्हर जिथून गाडी काढील, ती जागा ह्यांनी बोटानं दाखवली. तिथं कोटाची जाड बटणं शिवली. नीट वळलास तर मोटार बटणावर चढते, घंटी.
"आन चुकला तर?" हे.
"तर मी पाय थांबवते."
काय सांगू! रस्ता थांबला की माणूस नुसता कळवळतो. "चालवा की वैनी!" ओरडायची गरजच नाही. बाकीचं पायाला आपसूक कळत गेलं. गडी निवांत बसला की पाय जोरात. दातओठ खायला लागला की जरा हळू. सोपं झालं तर जांभई देतो, फार अवघड झालं तर उठतो. पण उसाच्या गाडीला घासता घासता वाचला, की "आयला!" म्हणतो आणि उठून पुन्हा रांगेत. आणि पूल आला की बघे सगळे एका सुरात, "आरं, आपला पूल!"
एक म्हातारी बसली, पदर खोचून. उतरल्यावर म्हणते, "लई झ्याक बाई. बसल्ये जागंवर, आन काळीज कसं धडधडतंया बघ."
हे आता कुणावर खेकसत नाहीत. खेळणाऱ्याच्या मागं उभे राहून, "सावकाश... आता... हां!" क्लीनरला शिकवायचे तसा आवाज. मला वाटलं होतं तो आवाज गेला कायमचा. आई भगवती, तुझे उपकार गं. बापूशेठचेही, आणि त्या म्हातारीचेही.

१० जाने.
जत्रा उठली. बापूशेठ म्हणाले, "रामभाऊ, आमच्यासंगं चला. गावोगावच्या जत्रा करू."
हे म्हणाले, "हिला विचारा. खेळ हिच्या पायावर चाललाय." भर माणसांत! डोळ्यांना पदर लावावा लागला.
पण मन धजत नाही. घराला कुलूप, शिवणाची गिऱ्हाइकं तुटणार, भाऊजींना तोंड काय दाखवायचं? आणि पाऊस लागला की जत्रा कुठल्या? तिकडं राखणदारी आहे, ती बारमाही. पण तिथं गेले तर हे पुन्हा ओट्यावरचे होतील, ते मला बघवणार नाही.
आवराआवर करताना मला म्हणाले, "तू बस एकदा."
"मी? सायकल न्हाई चालवली कधी."
"बस गं." आणि स्वतः मशीनवर बसले, पायडल मारायला. पहिल्याच वळणाला मी शेतात. रस्ता थांबला. हे हसले आणि पुन्हा पाय हलवला. मग सुटले मी. हात घामेजले, दात घट्ट, आणि रस्ता येतोच आहे, येतोच आहे...
बापूशेठ बाहेरून, "वैनी, मग काय ठरलं?"
मी ओरडले, "थांबा हो, वळण आलंय!"