ऑस्करला सोबत

४ फेब्रुवारी

दादाला घरी आणलं. तीन मजले, खुर्चीत बसवून. दोन हमाल आणि शेजारचा विमावाला. हा उचलण्यापेक्षा सूचनाच जास्त करत होता. आयुष्यभर लोकांच्या लिफ्ट दुरुस्त केल्या माझ्या भावाने, आणि स्वतःच्या इमारतीला लिफ्ट नाही!

उजवा हात, उजवा पाय लुळा. वाचा गेलीय. डॉक्टर म्हणतात, येईल हळूहळू. सव्वीस वर्षं मी इस्पितळात औषधांच्या काउंटरमागे उभी राहून यांच्या चिठ्ठ्या वाचतेय. ज्यांना 'सकाळ-संध्याकाळ' धड लिहिता येत नाही, त्यांच्या 'हळूहळू'वर किती भरवसा ठेवायचा?

घरात आल्याआल्या दादाने पाहिलं ते माझ्याकडे नाही. टाकीकडे.

५ फेब्रुवारी

मासा खात नाही. खाऊ नको जा.

७ फेब्रुवारी

ऑस्कर म्हणतात या जातीला. फूटभर लांब, काळपट अंग, त्यावर नारिंगी ओरखडे, आणि तोंड कायम कुणीतरी अपमान केल्यासारखं. सहा फूट लांबीची टाकी, आत हा एकटा. दहा वर्षं झाली. दादा कामावरून आला की आधी याच्यापुढे बसायचा, मग माझ्याशी बोलायचा — तेही 'जेवायला काय आहे' एवढंच.

आता दादा तीन आठवडे इस्पितळात होता म्हणून साहेब रुसलेत. मी दाणे टाकते, ते पाठ फिरवतात. एवढा तोरा मी माणसांचा सहन केला नाही कधी. लग्नं मोडली त्यापायी, माझी दोन.

दुपारी दादाने डाव्या हाताने टाकीकडे बोट केलं. ओठ बराच वेळ हलत राहिले. मग — "जो... डी."

इतक्या दिवसांतला पहिला शब्द! आणि तो माशासाठी.

म्हटलं, "याला जोडी हवीय?" त्याने डोळे मिटले. मी हो धरलं.

१० फेब्रुवारी

आमच्या इस्पितळातल्या नर्सने घरचे चार गोल्डफिश दिले. "गरीब असतात हो, कुणाच्या अध्यात ना मध्यात." चार वाजता सोडले. सव्वाचारला तीन होते. पाच वाजता टाकीत पुन्हा एकटा ऑस्कर, आणि तोंडाच्या कडेला शेपटीचा केशरी तुकडा.

रुसवा संपला म्हणायचा.

दादाने माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी दोन दिवसांत बरं वाटलं म्हणून उरलेल्या गोळ्या परत करायला येणाऱ्यांकडे पाहते. कुठलं औषध कशाबरोबर चालत नाही हे झोपेतही सांगू शकणाऱ्या बाईच्या वाट्याला हे!

१४ फेब्रुवारी

विमावाला आज स्वतःचा मासा घेऊन आला. फ्लॉवरहॉर्न. कपाळावर टेंगूळ आणि अक्कल त्याच्या मालकाइतकीच. "ताई, ताकदीला ताकद लागते. बरोबरीचा दिला की गप्प होतो." मी नको म्हणायच्या आत सोडलाही.

दहा मिनिटं. दोघांनी एकमेकांचे जबडे धरले आणि पाणी ढवळून निघालं. ऑस्करचा ओठ फाटला. एका कुशीवरचे खवले उडाले. दादा डाव्या हाताने पलंगाची कड बडवत होता, घशातून नुसता आवाज. मी जाळी शोधतेय, जाळी सापडत नाही. शेवटी स्वयंपाकघरातली मोठी चाळण घेतली.

बादलीत मासा घेऊन जाताना विमावाला म्हणतो, "रिस्क तर असतेच." असतेच. तुझा धंदाच तो.

१५ फेब्रुवारी

गेले शेवटी टाकीबाईकडे.

गल्लीच्या टोकाला तिचं पाळायच्या माशांचं दुकान. मी तिथून कायम नाकाला रुमाल लावून गेलेय. पन्नाशीची, विधवा, बाह्या वर खोचलेल्या, हात कोपरापर्यंत ओले. मी सगळं सांगितलं. ऐकताना ती एका टाकीची काच पुसत राहिली. शिष्टाचार नावालाही नाही.

म्हणाली, "गोल्डफिश? त्याच्या तोंडात मावतो तो सोबती नसतो हो, तो घास. आणि फ्लॉवरहॉर्न म्हणजे तर मारामारीच. कुणी सांगितलं हे?"

कुणीही सांगितलं असो. मी विचारलं, मग काय ठेवायचं ते बोला. तर म्हणते, काहीच नाही ठेवलं तरी चालतं. हा एकटा राहू शकतो. "त्यांना मी हे पूर्वीच सांगितलंय."

म्हणजे आता दुकानदारीणही मला शिकवणार. म्हटलं, माझ्या भावाला आता हवंय. त्याच्या तोंडून एकच शब्द येतो आणि तो हा आहे.

काच पुसायची थांबली ती. कुठला शब्द, विचारलं. मी सांगितला.

"संध्याकाळी येते मी. जखम बघायला हवी," म्हणाली.

१५ फेब्रुवारी, पुन्हा

आली. चपला बाहेर काढल्या, सरळ आत. टाकीखालचं डावीकडचं कपाट उघडलं, मागे हात घातला आणि जाळी काढली. मी काल अख्खं घर पालथं घातलं होतं!

पाणी बदललं, थोडं मीठ विरघळवलं, दिवा बंद केला. मग दादाच्या पलंगाशी जाऊन उभी राहिली. मी चहा ठेवायला आत होते. ऐकू आलं —

"पाणी पितोस ना वेळेवर?"

पितोस. माझ्या भावाला. साठ वर्षांच्या माणसाला.

माशांशी बोलून बोलून सवय झाली असेल.

२३ फेब्रुवारी

ओठ भरत आलाय. माशाचा. ती एक दिवसाआड येते. दादा त्या दिवशी दाढी करून घेतो. माझ्याकडून! आणि राहिलेला खुंट बोटाने दाखवतो.

२ मार्च

सिल्व्हर डॉलर. आज सहा सोडले. ताटलीसारखे चपटे, तळहातापेक्षा मोठे, नुसते चकाकणारे. तिने सांगितलेली कारणं मला मान्य करावी लागली आणि मला ते अजिबात आवडलं नाही. उंच असल्यामुळे तोंडात मावत नाहीत. चपळ आहेत. भांडण उकरून काढत नाहीत. एकदोन ठेवले तर भेदरतात, म्हणून सहा. दुकानात दोन आठवडे वेगळे ठेवून पाहिले, आजारी नाहीत. काउंटरमागे उभी केली तर बरी निघेल बाई.

सोडायच्या आधी तिने टाकीतले सगळे दगड आणि लाकडाचा ओंडका उचलून जागा बदलल्या. का, तर जुन्याला आपली हद्द आठवू नये. सगळ्यांनाच घर नवं वाटायला हवं.

ऑस्कर एकदा धावून गेला. सहाही जण बाजूला सरकले. पुन्हा धावला, पुन्हा सरकले. मग हा बिचारा मध्यभागी उभा, काय करावं न सुचून.

दादा हसला. अर्ध्याच तोंडाने, पण आवाजासकट. ती रडत होती. लोक कशालाही रडतात.

९ मार्च

वाचा शिकवायला येते ती मुलगी अक्षरांचा तक्ता ठेवून गेली. मी दादापुढे धरला. म्हटलं, बघ, तुझ्या माशाला जोडी मिळाली. आता तरी खूश?

त्याने मान हलवली. नाही. बोट ठेवलं — मा. मग झी.

"काय तुझं?"

तोंडाने म्हणाला. "जोडी."

ती टाकीपाशी दाणे मोजत होती. तिची पाठ होती आमच्याकडे. वळली नाही. कान तेवढे लाल झाले.

मी विचारलं, किती दिवस चाललंय हे?

"चार वर्षं." अजून पाठच. "मी म्हणायचे, ताईंना सांगू या. हा म्हणायचा, तिला चालणार नाही. तिला कुणीच चालत नाही."

मी तिला जा म्हटलं. गेली.

१० मार्च

मला चालणार नाही! चार वर्षं मी कामावर गेले की ही माझ्या घरात, माझ्या कपात चहा पीत, माझ्या पायपुसण्यावर ओले पाय पुसत. आणि दोघांनी मिळून ठरवून टाकलं की मला चालणार नाही. विचारायचं तरी एकदा! तोंड होतं ना तेव्हा त्याला.

दादा आज जेवला नाही. मी ताट उचललं.

११ मार्च

नसतं चाललं.

१५ मार्च

सहा दिवस ती आली नाही. दादा दाढी करू देत नाही. फिल्टरची नळी तुंबली, ती मला साफ करता येईना. हात कोपरापर्यंत ओले करून बसले तासभर.

दुपारी दुकानात गेले. रुमाल न लावता. सांगून टाकलं — मी आतल्या खोलीत जाते, समोरची तुम्हा दोघांना. या राहायला. रीतसर लग्न करा, सहीला मी येईन.

मला वाटलं, हात जोडील. तिने स्टूल पुढे केलं. बसा म्हणाली.

"ताई, तुम्ही आलात हेच खूप आहे. पण मी नाही येणार. दुकानामागे दोन खोल्या आहेत माझ्या. तळमजला. त्याला दारात बसता येईल, चार माणसं दिसतील. तुमच्याकडे तो खिडकीतून किती दिवस बघणार?"

म्हटलं, दमट असेल तिथे.

"आहे थोडं." मग म्हणाली, "आणि तुमच्या घरात मी जन्मभर विचारून विचारून पेला उचलीन. तुम्ही काही बोललाही नाहीत, तरी."

उद्धट बाई. एक शब्द खोटा नव्हता.

१६ मार्च

दादाला विचारलं, तू तिकडे जाणार का? माझं वाक्य पुरं व्हायच्या आत मान हलली. एवढ्या चपळाईने गेल्या दीड महिन्यात त्याने काही हलवलं नव्हतं.

मग माझा हात धरला, डाव्या हाताने. "ये... त... जा."

येईन की. शंभर पावलांवर तर आहे. आमंत्रण कसलं देतोस.

२० एप्रिल

त्यांची सही झाली. साक्षीदार दोन, मी आणि विमावाला. त्याने तिथेच नवऱ्यामुलाला पॉलिसीचं विचारलं.

२१ एप्रिल

दादाला खाली नेलं. तेच हमाल, तीच खुर्ची. टाकी हलवायला ती आणखी चार माणसं घेऊन आली होती. तिकडे भिंतीपाशी जागा मोकळी करून, मोजून ठेवली होती म्हणे. माणसं आत शिरायला लागली तशी मी टाकीपुढे जाऊन उभी राहिले. म्हटलं, "हे सातही इथेच राहू देत. मला हवेत."