चढलेल्या पाण्यातलं धुणं

प्रिय अनिता,

एवढे दोन शब्द लिहायला मला अर्धा तास लागला. सुनेला चि. सौ. लिहायचं असतं, तसं आधी लिहिलंही होतं. पण चि. सौ.च्या आड माणसाला लपता येतं, म्हणून खोडलं. सातवीत शाळा सुटली, त्यानंतर अर्जाशिवाय काही लिहिलेलं नाही, तेव्हा अक्षर चालवून घे. फोनच केला असता, पण तू "बोला आबा" म्हणशील आणि मी तुझ्या आईची तब्येत विचारून ठेवून देईन. माझा मला भरवसा नाही.

तुला पेणला जाऊन आज बारा दिवस झाले. वाल फुलावर आला आहे. सुशील कंपनीतून येतो, ताट पुढे ओढतो, आमटीत मीठ नसलं तरी बोलत नाही. ती आमटी मी करतो, म्हणजे मीठ बहुतेक नसतंच. गेल्या आठवड्यात नदीकाठच्या कॅम्पवाल्यांनी आपल्या शेतावरून ते भुणभुणणारं यंत्र उडवलं. वरून फोटो काढतात म्हणे. माझ्या वालाचे फोटो कोणाला कशाला हवेत? जमीन बघत असणार. मी काठी घेऊन बांधावर उभा राहिलो, तर माझाच फोटो काढला.

हे तंबूवाले आले तेव्हापासून मला चैन नाही, हे तुला ठाऊक आहे. मुंबई-पुण्याची माणसं येतात, तारेला लटकून नदीपलीकडे जातात, आपण थंडीत शेतात मडक्यात वालाच्या शेंगा भाजायला लावतो तीच पोपटी दोऱ्या बांधलेल्या जागेत बसून खातात आणि मडक्यासोबत फोटो काढतात. आणि ते राफ्टिंग. सकाळी वरच्या वीजघरातून पाणी सोडलं की नदी चढते, मग रबराच्या होड्या सोडायच्या आणि दगडांवर आपटत खाली जायचं. घरात पाट असताना काट्यावर बसायची हौस.

पण त्या पाण्यानेच मला तुझ्यावर संशय घ्यायला शिकवलं. कार्तिकापासून तू सकाळी साडेसातला धुणं घेऊन निघायचीस. पहिल्या दिवशी वाटलं, वेळ चुकली असेल. दुसऱ्या दिवशी ओसरीवर बसून हिशेब केला. आठ वाजता पाणी येतं. धुण्याचा दगड बुडतो, तो दुपारपर्यंत वर येत नाही. आपल्या गावातली शेंबडी पोरगीसुद्धा त्या वेळी धुणं घेऊन नदीवर जात नाही. तू तीन वर्षं या घरात आहेस, तुला हे माहीत नाही असं कसं म्हणू? मग मी बघत गेलो. अकराला परत यायचीस, केस ओले, बोटं पांढरी पडलेली, आणि कपडे धुतलेले, पण गावच्या बोअरिंगच्या पाण्याने. बोअरिंगच्या पाण्याचा कपडा कडक वाळतो, नदीचा मऊ. मी दोरीवरच्या टॉवेलला हात लावून बघितला. सासऱ्याने अशी कामं करू नयेत. मी केली.

मग एका शनिवारी वळणावरच्या चिंचेखाली उभा राहिलो. खालच्या रस्त्याने कॅम्पची जीप वर आली. पुढे तो नितेश, कॅम्पचा मालक, गळ्यात शिट्टी, डोळ्यांवर काळा चष्मा. शेजारी तू. तू हसत होतीस. आपल्या घरात तू एवढी मोठ्याने हसलेली मी ऐकली नव्हती, आणि मला तेच जास्त लागलं. ओले केस, खालच्या अंगाचा रस्ता, परका पुरुष. नदी इकडे असताना ही खालून कुठून येते? मी पुढचं सगळं मनात जुळवून टाकलं.

त्यानंतर काय झालं ते तुला माहीत आहे. सुशीलने तुला बाईकवर बसवलं, थोडे दिवस आईकडे राहा म्हणाला. तू म्हणालीस, "विचारायचं असेल तर विचारा, नायतर सोडून या." त्याने विचारलं नाही. जाताना तू शेजारच्या सगुणाच्या दारात थांबलीस आणि म्हणालीस, "काकी, जिभेला हाड नाय तुमच्या." ती बिचारी तांदूळ निवडत होती, सूप तसंच हातात राहिलं. मी ओसरीवर होतो. मी खाली बघितलं.

परवा मंगळवारी मी काठी घेऊन कॅम्पवर गेलो, त्या नितेशला चार लोकांत विचारायला. तो होड्यांत हवा भरत होता. मी जे बोललो ते कागदावर लिहीत नाही. त्याने ऐकून घेतलं, मग भिंतीवरचा फळा दाखवला. राफ्ट चालवायला शिकणाऱ्यांची नावं होती, चौदा. तेरा बाप्ये आणि तू. तो म्हणाला, "आबा, तुम्हाला सांगितलं तर पाण्याला पायसुद्धा लावू देणार नाय, असं ती बोलली. म्हणून धुण्याचं नाव." मी तरी सोडलं नाही. विचारलं, मग जीपमधून का आणतोस? त्याने पंप खाली ठेवला. "आबा, होडी वरून सोडतात, खाली सहा कोसांवर निघते. ती उलटी कशी येणार? सगळ्यांनाच जीपमधून आणतो. तिला पुढे बसवतो, मागे बाप्यांची दाटी असते म्हणून."

अनिता, सत्तर वर्षं मी या नदीच्या काठावर आहे. पाणी किती वाजता येतं ते मला ठाऊक, कपडा कुठल्या पाण्याचा ते ठाऊक. पण पाण्याबरोबर खाली गेलेल्या माणसाला परत वर यावं लागतं, एवढं डोक्यात आलं नाही. कारण मी त्या पाण्याबरोबर कधी गेलोच नाही.

तू बरोबर बोललीस, मी पाय लावू दिला नसता. का, ते सुशीललाही ठाऊक नाही. तो तान्हा असताना तुझी सासू बायजा नदीच्या मधल्या खडकावर शिंपल्या काढायला गेली होती. त्या दिवशी पाणी लवकर सोडलं. चारी बाजूंनी नदी चढली आणि ती खडकावर अडकली, पाणी कमरेला. मी काठावर. मला पोहता येत होतं. सगळ्या गावाला येतं. मी उतरलो नाही. दुपारी पाणी ओसरल्यावर ती आपली आपण चालत आली, शिंपल्यांची टोपली घेऊन. मरेपर्यंत तिने त्याचं नाव काढलं नाही. मी मात्र घरच्या बायांना धुण्याच्या दगडापुढे जायची बंदी केली, आणि सगळ्यांना वाटलं, म्हाताऱ्याला माणसांची काळजी.

नितेश म्हणाला, गेल्या महिन्यात पुण्याची एक बाई होडीतून पडली, तेव्हा तू वल्हं टाकून तिच्यामागे उडी घेतलीस. हे ऐकून मी तिथेच त्याच्या हवेच्या पंपावर बसलो. तो मला अजून पटत नाही, घरात काळा चष्मा लावणारा माणूस. पण खोटं बोलत नव्हता.

आता ज्यासाठी हे लिहायला घेतलं ते लिहितो, नाहीतर कागद संपेल. सगुणाने काही सांगितलं नव्हतं. सुशीलला मी सांगितलं. चिंचेखाली जे बघितलं ते आणि जे बघितलं नव्हतं तेही. काल सुशील जेवायला बसला तेव्हा सगुणाला घरात बोलावून दोघांसमोर हे कबूल केलं. सगुणा म्हणाली, "भावोजी, लाज वाटाय हवी." सुशील उठून बाहेर गेला, दोन तास नदीवर बसून आला. तो तुला न्यायला यायचं म्हणतो, पण त्याला तोंड दाखवायची भीती वाटते. मी म्हटलं, आधी माझं पत्र जाऊ दे. येत्या रविवारी तुमची परीक्षा आहे, बाहेरून साहेब येणार आहेत, असं नितेशने सांगितलं. तू घरी यायला हवंस असं म्हणायचा मला हक्क राहिलेला नाही. माहेरूनच परस्पर नदीवर जा, परीक्षा दे, आणि मग कुठे राहायचं ते तू ठरव. मला काठावर उभं राहू देशील का, एवढंच कळव. नको म्हणालीस तर मी घरात बसेन.

तुझाच अपराधी,
महिपती