आईच्या आवाजाचा सगळ्यात लहान वाटा

आष्टी, गुरुवार

ती. सौ. दैवशालाताईस,

धाकट्या मार्तंडचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार. धावड्याला सगळे खुशाल असाल. भाऊजींचा गुडघा कसा आहे? फोनच करणार होतो, पण तुझा फोन सदा स्पीकरवर आणि शेजारी कोण बसलंय ते कळत नाही. वाचून कागद फाडून टाक.

ताई, आपल्याला फसवलंय. आई जायच्या आधी दादाच्या शौनकने तिच्या गप्पांचं रेकॉर्डिंग केलं होतं. ते फार मोठं निघालं म्हणे, म्हणून त्याने कॉम्प्युटरवर दाबून तीन तुकडे केले आणि दादाला धाडले. तिन्ही एकत्र असल्याशिवाय ते उघडत नाही. पण आपला सोमेश्वरदादा! (दिवाळीचा चिवडासुद्धा काट्यावर तोलून वाटणारा माणूस.) पिंपळगावात बसून त्याने एकेका घरी एकेक तुकडा पाठवला. पहिला स्वतःला, दुसरा तुला, तिसरा मला. झाली वाटणी!

त्यातही तुम्हा दोघांचे तुकडे सारखे, आणि माझा त्यांच्या पावपटसुद्धा नाही (हे तुझ्या लेकीकडून, साक्षीकडून, गोड बोलून काढलं). रजनी म्हणते, "अहो, शेवटचा लहानच राह्यतो. उरलंसुरलं त्यात येतंय." उरलंसुरलं नेमकं माझ्याच वाट्याला कसं? (रजनीचं माहेर पिंपळगावचं, हे तू जाणतेसच.) मी माझा तुकडा उघडू गेलो, तर कॉम्प्युटर म्हणतो आधीचे भाग आणा. म्हणजे तोही दादाच्या बाजूचा. कुणी हात मारू नये म्हणून फाइलीला 'मार्तंडच्या हक्काचं' असं नाव दिलं, तर आता तो तिला ओळखतच नाही.

खरं सांगू? आई शेवटी दादाकडे होती. माझ्याबद्दल काय बोलली असेल, या विचाराने घास उतरत नाही. वाईट बोलली असेल तर दादाने ते जपून ठेवलंय, चांगलं बोलली असेल तर दडपलंय. माझा तुकडा मी कुणाला देणार नाही. तुझा मात्र गुपचूप पाठव.

तुझा,
मार्तंड

ता. क. पाकीट चिकटवेपर्यंत रजनीने शौनककडून तिन्ही तुकडे मागवले, नावं न बदलता एका फोल्डरात ठेवले, पहिल्यावर क्लिक केलं आणि उघडलंसुद्धा. आई सगळा वेळ वांग्याच्या भरताबद्दल बोलली आहे. अगदी शेवटी शौनकला म्हणते, "हे मार्तंडला आधी ऐकव रे बाबा. न्हाईतर त्याला वाटंल, त्याच्यातलं कापून राह्यले."

दुसरा ता. क. तुकडा पाठवू नकोस, रविवारी घेऊनच ये. दादालाही त्याचा घेऊन यायला सांग. उघडलंय हे बोलू नकोस; तुकड्याचं निमित्त नसताना नुसतं ये म्हटलं तर तो यायचा नाही. मला एकट्याला ऐकवत नाही, ताई.