उगेत मागच्या सीटवर बसली

सँ-तेओफिल, क्वेबेक
१६ फेब्रुवारी

चि. जोआनी हिस,
अनेक आशीर्वाद. छोट्या लोरीला आजोबांचा पापा.

मी आणि उगेत ठीक आहोत. थंडी यंदा कडक आहे, पण लाकडं भरपूर फोडून ठेवलीत. तुझ्या सासूच्या गुडघ्यांची कुरकुर चालूच असते. तुझं पत्र कधीच पोचलं. उत्तराला उशीर झाला, रागावू नकोस.

शनिवारची हकिकत सांगतो. जिलच्या दुकानात बर्फावर चालवायच्या नव्या स्नोमोबाइल आल्यात. चालवून बघायला त्यानं सगळ्या गावाला बोलावलं होतं. मी जाणार नव्हतो. तळ्याचा बर्फ फुटून आपला यानिक गेला, त्यानंतर मी जुनी गाडी विकली आणि पुन्हा कधी हँडल धरलं नाही, हे तू जाणतेस. पण उगेतच म्हणाली, "घरात बसून माझं डोकं खाण्यापेक्षा जा. थांब, मीही येते."

मला बघून जिल हातातलं काम टाकून पुढे आला. मग म्हणाला, "म्हाताऱ्या, आता दोरी ओढून खांदा निखळवायला नको. नुसतं बटण दाबलं की गाडी सुरू."

"बटणं दाबायला मी काय लिफ्टमध्ये उभा आहे?" मी म्हटलं.

पण खरं सांगतो, गाडी झकास आहे. अंगठ्यानं जरा दाबलं की निघालीच. आवाज इतका कमी, की हेल्मेटच्या आत स्वतःचा श्वास ऐकू येतो. तेलाचा धूर नाही. मुठी आतून गरम राहतात. वळणावर पुढच्या स्की वाट सोडत नाहीत. खाचखळग्यांत पूर्वी कंबरडं मोडायचं. आता कुणीतरी उचलून अलगद खाली ठेवावं, तसं वाटतं. यानिकनं पहिल्याच वळणावर आरोळी ठोकली असती.

जंगलातून एक फेरी मारून परत आलो, तर उगेत डोक्यात हेल्मेट घालून तयार.

"मागे टेकायला आहे ना? मग मलाही ने."

"कुठे?"

"कुठे ते विचारू नकोस, रोझेर."

स्नोमोबाइल क्लबनं आता वाट तळ्यावरून काढून काठाच्या झाडीतून वळवली आहे. नदी तळ्याला मिळते तिथे, काठावरच, मी गाडी थांबवली. उगेत इतक्या दिवसांत तिकडे एकदाही फिरकली नव्हती. उतरली, झाडाला धरून उभी राहिली. मग तिनं यानिकला हाक मारली. तो लहान असताना जेवायला बोलवायची ना, तशी. मोठ्यानं, एकदाच.

दफनाच्या वेळीही ती रडली नव्हती, तुला आठवत असेल. शनिवारी रडली. मी नुसता जवळ उभा राहिलो. मला कुठे धीर द्यायला येतं?

शेवटी नाक पुसून म्हणाली, "त्या पोरीला अजून उत्तर दिलं नाहीस ना?"

"नाही."

"का?"

"उत्तर दिलं की यानिक गेला असं होईल."

"तो गेलाय, रोझेर. तिनं आपल्यासाठी किती दिवस ताटकळायचं?"

तर जोआनी, एवढं सगळं गाडीपुराण तुझ्या प्रश्नाला बगल द्यायला लिहीत होतो. एलोईशी लग्न केलं तर आम्हाला चालेल का, असं तू विचारलंस. मला त्रास होणार नाही असं म्हटलं तर ते खोटं होईल. पहिल्या भेटीत मी त्याच्याशी धड बोललो नाही, तर त्याला सांग, म्हातारा वाईट नाही, त्याला थोडा वेळ लागतो. पण लग्न कर. आनंदानं कर. आम्हाला विचारण्याचं तुझ्यावर बंधन नव्हतं, तरी विचारलंस, ते आमच्या आतपर्यंत पोचलं.

लोरी त्याला बाबा म्हणाली तरी चालेल. फक्त यानिकबद्दल तिला सांगत जा.

गाडी घेतली नाही. घेणारही नाही.

आजवर हे घर तुझं सासर होतं. आता माहेर समज. माहेरी यायला मुलींना कारण लागत नाही. वसंतात तिघंही या.

खाली 'तुझा सासरा' असं लिहिलं होतं. उगेतनं खांद्यावरून वाचलं आणि म्हणाली, "खोड ते." खोडलं.

तुझा बाप,
रोझेर