नवनाथचं खातं

सोमवार, ३ नोव्हेंबर

आजपासून मी कुरुळीकर, चाकणच्या शेजारी! बार्शीहून निघताना आई म्हणाली, रोज चार ओळी लिहीत जा पुनम, डोकं शांत राहील. माझं डोकं कधी तापेल याचा नेम नसतो, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक?

कंपनी म्हणजे धर्माजी आण्णांच्या वडिलोपार्जित वावरात उभी राहिलेली पत्र्याची शेड. आत चार प्रेस, गाड्यांचे सुटे भाग ठोकणारे. जिना चढून गेलं की काचेचं ऑफिस, ते माझं. आण्णा मालक असूनही स्वतः चहा घेऊन आले. म्हणाले, "पोरी, आमाला यातलं काय कळत न्हाई. खोकी आल्यात, तू बघ."

नव्याकोऱ्या कॉम्प्युटरची खोकी! आधीच्या नोकरीत एकेका कॉम्प्युटरपुढे माझा अख्खा दिवस जायचा. आता सगळं क्लाउडवर असतं. खोकं उघडा, वायफाय जोडा, कोणाच्या खात्यावर चालवायचा ते सांगा आणि चहाला जा. पडद्यावर एक गोल भरत जातो. तो पुरा भरला की प्रिंटर, प्रोग्रॅम, जुन्या फायली, मागचा फोटोसुद्धा आपोआप जागेवर. भाग धुणाऱ्या सावित्रीमावशी बघतच राहिल्या. मला उगाचच कौतुक करून घ्यावंसं वाटलं, आणि घेतलं.

बुधवार, ५ नोव्हेंबर

आज आण्णांशी थोडी खडाखडी. प्रेसजवळच्या कॉम्प्युटरवर अफताबभाई बसणार, नवे सुपरवायझर, दापोडीहून येतात. मी त्यांचं नवीन खातं काढायला बसले तर आण्णांनी अडवलं. आधीच्या सुपरवायझरचं, नवनाथचं खातं आहे की, त्यावरच बसव. गिऱ्हाइकांचे निरोप त्याच नावाने येतात, नाव बदललं की गिऱ्हाईक बिचकतं. मी म्हटलं, असं कोणी करत नाही. आण्णा हसून म्हणाले, इथं सगळेच करतात. नंतर विचारलं तर खरंच, आसपासच्या चार शेडमध्ये हीच रीत. माणूस जातो, खातं राहतं.

शेवटी केलं. अफताबभाईंनी ठसा घ्यायच्या काचेवर बोट टेकवलं, नवनाथच्या नावावर नोंद झाली. म्हणजे आयत्या बिळावर नागोबा, मी चिडवलं. ते हसले. "मॅडम, आपल्याला काय, नाम में क्या रखा है. पोरगी मात्र खूश, अब्बा सुपरवायझर झाले म्हणून." महेक पहिलीत आहे. त्यांच्या बायकोने, खैरुन्निसाभाभींनी दिलेल्या डब्यातला खिमा मलाही मिळाला.

गोल फिरला आणि नवनाथचा फोटो उतरला. बैलगाडा शर्यतीचा घाट, गुलालाने माखलेला माणूस, उजवा हात वर. भुवईवर आडवा व्रण, पुढचा एक दात नाही, आणि त्या वर केलेल्या हाताला दोन बोटं नाहीत. प्रेसवर काम करणाऱ्यांचे हात असेच, मावशी म्हणाल्या.

गोल मात्र पुरा भरला नाही. नेट मंद असेल.

शुक्रवार, ७ नोव्हेंबर

डाय, म्हणजे प्रेसचा लोखंडी साचा, उचलायच्या साखळीचा हुक सुटला आणि झोका घेऊन अफताबभाईंच्या तोंडावर आला. भुवई फाटली. रक्त डोळ्यात, शर्टावर, पार बुटांत. मीच फडकं दाबून धरलं, हाताखाली हाड लागत होतं. टाके पडले आणि दुपारी गडी परत हजर! घरी जा म्हटलं तर म्हणाले, नवीन जागा आहे, लगेच रजा कशी मागू.

गोल आज थोडा पुढे सरकलाय.

सोमवार, १० नोव्हेंबर

बोल्ट ढिला करताना पाना निसटला आणि अफताबभाईंच्या तोंडात बसला. दात थेट माझ्या पायाशी येऊन पडला. पुढचा.

मी फोटोकडे पाहिलं. मग अफताबभाईंकडे. मग परत फोटोकडे.

कॉम्प्युटरची सगळी तयारी उघडून पाहिली. प्रिंटर झाला. प्रोग्रॅम झाले. फायली झाल्या. एकच ओळ बाकी होती: वापरकर्त्याची जुळवणी चालू आहे. अशी ओळ मी आजवर कुठेही पाहिलेली नाही. गोल निम्म्याच्या पुढे गेला होता.

मंगळवार, ११ नोव्हेंबर

सावित्रीमावशींना खोदून खोदून विचारलं. आधी नुसत्या रडल्या. मग म्हणाल्या, नवनाथ नोकरी सोडून गेला न्हाई, पोरी. मेला. हितंच.

प्रेसला दोन बटणं असतात. दोन्ही हातांनी एकदम दाबली तरच दणका पडतो, म्हणजे हात आपोआप बाहेर राहतात. पण त्याने काम हळू होतं. म्हणून एका बटणात लाकडाची पाचर ठोकून ठेवतात. अडकलेला पत्रा काढायला नवनाथ आत वाकला आणि त्याचंच कोपर दुसऱ्या बटणावर पडलं. डोकं जागेवर राहिलंच न्हाई, मावशी म्हणाल्या. आण्णांनी शेड धुवून घेतली आणि त्याला गावी पोचवला. कागदावर तो अजून कामाला येतो.

खाली जाऊन बघितलं. पाचर आहे.

म्हणजे आता दोन बोटं. आणि त्यानंतर डोकं.

कॉम्प्युटर पुसून कोरा केला. पाच मिनिटांत त्याने स्वतःच नेट पकडलं, स्वतःच सगळं खाली उतरवलं. गोल होता तिथूनच पुढे.

बुधवार, १२ नोव्हेंबर

आण्णांना सांगितलं, नवनाथचं खातं काढून टाका. ते काढायचा अधिकार फक्त मालकाच्या फोनवर आहे. आधी हसले. मी म्हटलं, तो मेलाय, मला माहीत आहे. तशी कानाखाली बसली. कान अजून वाजतोय. म्हणाले, पुन्हा हे नाव काढलंस तर जीभ हासडीन.

मी खाली गेले, हातोडा घेतला आणि कॉम्प्युटर फोडला. पडदा, डबा, सगळा भुगा केला. मी ओरडत होते म्हणे. मला आठवत नाही.

आण्णांनी भुगा झाडून घ्यायला लावला. दुपारी नवीन खोकं आलं. वायफाय जोडायच्या आत पडद्यावर नवनाथ होता, हात वर केलेला.

अफताबभाईंना म्हटलं, नोकरी सोडा. ते म्हणाले, पाना सुटतो, हुक सुटतो, कारखाना आहे मॅडम. मी पाचर काढली तर आण्णांनी परत ठोकली. अफताबभाई महेकच्या शाळेच्या खर्चाचं सांगत बसले. मी रडले तर मलाच पाणी आणून दिलं.

गुरुवार, १३ नोव्हेंबर

सुचलं! खातं काढता येत नाही, पण त्यावरचं बोट बदलता येतं.

जेवणाच्या सुट्टीत अफताबभाईंचं बोट काढून टाकलं. माझं टेकवलं. मी तर प्रेसजवळ जातसुद्धा नाही. हात खिशात घालून फिरेन, कॉम्प्युटरवाली बाई आहे, मला काय होतंय! त्यांना सध्या माझ्या ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर नोंदी करायला सांगितलं आहे.

माणूस वाचला. आज पोटभर जेवले.

शुक्रवार, १४ नोव्हेंबर

दिवसभर ऑफिसातून हलले नाही. कात्री कपाटात ठेवून दिली. पंख्याकडेही बघत नाही.

गोल हललेला नाही. उद्या बार्शी. आईकडे.

रविवार, १६ नोव्हेंबर

डाव्या हाताने लिहिते आहे. चाकणचा दवाखाना.

काल निघताना — शेडचं शटर अर्धं वर होतं. वाकून बाहेर पडले, तोल जाऊ नये म्हणून हात खाली टेकला. एवढंच. साखळी तुटली आणि —

आवाज प्रेससारखाच. बोटं शटरच्या आत राहिली. मी बाहेर.

दोन. तीच दोन. मावशींनी पिशवीत घालून आणली होती, डॉक्टर म्हणाले, काही उपयोग नाही.

पण माझीच गेली. त्यांची नाही. हे बरं झालं. दुखतं आहे खूप, पण हे बरं झालं.

आता एकच बाकी आहे. मी पलंगावरून उठणारच नाही.

सोमवार, १७ नोव्हेंबर

फोनवर सूचना. नवनाथ: बोट बदललं.

मी बदललेलं नाही.

मावशींना फोन केला. म्हणाल्या, तू न्हाईस, काम अडलं, आण्णांनी अफताबला परत बसवला तितं. त्याचंच बोट लावून घेतलं.

माझी बोटं — माझी बोटं देऊन मी फक्त गोल पुढे ढकलला. शेवटच्या दणक्याशी आणून ठेवलं त्यांना.

आण्णा उचलत नाहीत. अफताबभाई उचलत नाहीत. पुन्हा. पुन्हा.

फोन उशीवर ठेवलाय, आवाज मोठा करून. लिहिते आहे. कोणीतरी लिहून ठेवलं पाहिजे की हा अपघात नव्हता —

अफताबभाईंनी उचलला! मागे प्रेस चालू आहे. विचारतायत, हात कैसा है मॅडम.

म्हटलं, उठा. आत्ता. बाहेर पळा. महेकची शपथ —

बरं बरं म्हणतायत, उठतो. एक पत्रा अडकलाय तेवढा काढतो, म्हणे, फोन ठेवू नका —

नको. अफताबभाई नको, वाकू न